शहाजी, चौकात तू थांबलास तेव्हा

शहाजी, बुधवारी मी हेडमास्तरांना सांगितलं, की तू माझ्या ओळखीचा होतास.

मंगळवारी न कळवता शाळेला दांडी मारली होती. ज्याला तू 'घड्याळ गिळलेला मास्तर' म्हणायचास तो माणूस अख्खा दिवस गायब म्हटल्यावर त्यांनी विचारणं साहजिकच होतं. चिडले नव्हते, मयताला गेलो होतो म्हटल्यावर काळजीनंच विचारत होते. "कोण गेलं? साताऱ्याला, घरी सगळं ठीक ना?" मी म्हणालो, "घरचं कुणी नाही. कडेगावकडचे एक ओळखीचे होते." "असं होय," म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला आणि चहा मागवला. मी चहा प्यालो. मग आठवीच्या वर्गावर जाऊन समास शिकवले, पोरांच्या चुका काढल्या, एकाचा कान धरला. कुणाला काही कळलं नाही. आणि मला तुझा इतका राग आला होता की सांगायची सोय नाही. मरायचं ते मरायचं, वर मागच्या माणसाला धड रडायला जागाही ठेवायची नाही, ही कुठली रीत?

म्हणून हे लिहायला बसलो. गेलेल्या माणसावर लिहितात तसं तुझं जन्मगाव, शिक्षण, गुणवर्णन मी लिहिणार नाही. मिलिट्रीच्या बँडात ट्रम्पेट वाजवून पेन्शनीत निघालेला, आणि सांगलीत येऊन लग्नाच्या बँडचा मास्तर झालेला माणूस. लोकांना एवढं पुरे. तुझ्या भावकीला तर तेवढंही जास्त वाटायचं. शेताभाताचा धनी असून लोकांच्या वरातीत वाजवतो, याचीच त्यांना केवढी लाज. त्यांना तेवढंच ठाऊक होतं हे एका अर्थी बरंच होतं, असं तू हसत म्हणायचास.

आपली पहिली गाठ भांडणातच पडली. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनासाठी शाळेनं तुला पोरांना ढोल-बिगुल शिकवायला बोलावलं होतं आणि शाळेकडून मला देखरेखीला ठेवलं होतं. मराठी शिकवणाऱ्याला संचलनातलं काय कळतं? पण मी हातात वेताची छडी घेऊन 'एक-दोन, एक-दोन' ओरडत होतो. तू मैदानाच्या कडेला उभा राहून बराच वेळ बघितलंस आणि मग सगळ्या पोरांदेखत म्हणालास, "आवं सर, तुमी तेवढं गप्प बसा. पोरांचं पाय बरोबर पडत्यात, तुमचंच चुकतंय." त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही, एवढा अपमान वाटला होता. पुढं तू मला सर म्हणायचं सोडून मास्तर म्हणायला लागलास. "आपुन दोगंबी मास्तरच की," म्हणायचास.

गावभागातल्या माझ्या माडीवरच्या खोलीत तू यायला लागलास तेव्हा खालच्या वहिनींना, म्हणजे घरमालकिणीला, तू फार आवडलास. 'सरांचे मिलिट्रीवाले मित्र' म्हणून त्या तुला ताक पाठवायच्या. पण मालकांची सक्त ताकीद होती, की इथं तुतारी वाजवायची नाही. मग तू खिडकीत बसून ट्रम्पेट ओठांना न लावता नुसती बोटं चालवायचास. तीन खिट्ट्या खालीवर व्हायच्या, टिकटिक आवाज यायचा, आणि तुझे गाल उगाचच फुगायचे. मी वह्या तपासत असायचो. हळूहळू मला त्या टिकटिकीवरून कळायला लागलं की कुठली चाल चाललीय. मी मान वर न करता म्हणायचो, "आरती." तू म्हणायचास, "बराबर." अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. त्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि आता आठवताना दुसरं काही आठवतही नाही.

साताऱ्याचं लग्न मात्र आठवतं. माझ्या पुतणीचं. थोरल्या भावानं बँड कुठला ठरवावा, तर तुझाच. मी नको म्हणालो असतो तर कारण काय सांगणार होतो? तू लाल कोट, सोनेरी पट्टी, डोक्यावर तुरा अशा थाटात मंगल कार्यालयाच्या दारात उभा, आणि मी आत जरीच्या टोपीत, मुलीचा काका. दिवसभरात आपण एकमेकांकडं एकदाही बघितलं नाही. सगळ्यात शेवटी बँडवाल्यांची पंगत बसली तेव्हा मी जिलबीचं ताट घेऊन वाढायला निघालो. तुझ्या पानापाशी आलो की वाढायचो, पंगतीच्या टोकाला जायचो, परत यायचो, परत वाढायचो. भाऊ म्हणाला, "अरे, बँडवाल्यांना काय एवढा आग्रह? व्याह्यांना तरी इतका केलास का?" तू खाली मान घालून सगळ्या जिलब्या संपवल्यास. तुला गोड आवडत नव्हतं. नंतर म्हणालास, "मास्तर, तुज्या घरच्या लग्नात मला जेवाय वाढलंस, लय झालं."

'लय झालं' हे तुझं. मला कधीच लय झालं असं वाटलं नाही. माझा स्वभावच तसा, नाकावर माशी बसू न देणारा. पण भीती म्हणशील तर ती माझीच मोठी होती. तुझी पेन्शन सरकारकडून यायची, माझी नोकरी संस्थेच्या हातात. कायद्यानं तर आपण दोघेही गुन्हेगारच. त्यामुळं मी शिकवलेलं सगळं तू निमूट पाळायचास. येताना जिन्यात मोठ्यानं हाक मारायची, म्हणजे लपून आल्यासारखं वाटत नाही. जाताना वहिनींचा निरोप घ्यायचा. बाजारात भेटलो तर 'काय सर, बरं हाय का,' एवढंच.

मग नंदूला ते पत्रक आलं. मिरजेच्या दवाखान्यात रक्त तपासणारा आपला नंदू; त्यानं पोस्टात पेटी घेऊन ठेवली होती आणि मुंबईहून येणारी मासिकं तिथं मागवायचा, आपण तिघंचौघं ती पाळीपाळीनं वाचायचो. तर कलकत्त्यात आपल्यासारखे लोक, पुरुषांवर जीव जडलेले पुरुष, रस्त्यानं उघड चालणार होते. दिवसाढवळ्या. मी वाचलं आणि पत्रक घडी करून परत दिलं. तू मात्र ते उभ्या उभ्या पुन्हा वाचलंस आणि म्हणालास, "म्हंजे मिरवणूकच की."

"मिरवणूक नाही, नुसतं चालणार आहेत," नंदू म्हणाला.

"नुसतं कुटं कोन चालतंय? चार मानसं संगं चालली की मिरवणूक." मग माझ्याकडं बघून म्हणालास, "मास्तर, मी जल्मभर लोकांच्या वराती पुढं चाललोय. एकदा आपली म्हनून चालून बघतो. तू न्हाई आलास तरी मी जानार."

मी आलो. पण अट घालून. मी चालणार नाही, पिशव्या सांभाळीन. तू लगेच कबूल झालास. आणि दहिवडीचा विलास, एसटीचा कंडक्टर, तोही तयार झाला. त्याला बायको, दोन मुलं, आणि त्याची छाती आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त धडधडत होती. प्रत्येकानं घरी आपापली थाप मारली. विलासची युनियनची सभा, नंदूचं प्रशिक्षण, माझं शिक्षकांचं अधिवेशन, आणि तुझं पलटणीतल्या दोस्ताच्या पोरीचं लग्न. मिरजेहून निघालो, पुण्याला गाडी बदलली. वाटेत विलासनं सगळ्या डब्याला भडंग वाटलं. कुणी विचारलं कुठं निघालात, की चौघंही चार वेगवेगळी उत्तरं द्यायचो आणि मग वेड्यासारखे हसायचो.

तिथं गेल्यावर कळलं, माणसं मोजकीच आहेत. मला वाटलं होतं, निदान एक मैदान भरेल. एका बागेपाशी थोडे तरुण उभे होते, हातात पत्रकं, चेहऱ्यावर आपल्यासारखीच भीती. त्यांच्यातला एक चष्म्याचा मुलगा फार समजुतीनं सगळं सांगत होता. रस्त्याच्या कडेनं चालायचं, घोषणा नाहीत, रहदारी अडवायची नाही, कुणी काही बोललं तर उत्तर न देता पत्रक द्यायचं. आणि मुख्य म्हणजे कुठंही थांबायचं नाही. नंदूनं ते तुला मराठीत पुन्हा सांगितलं. तू "येस सर" म्हणालास आणि शर्ट खोचून घेतलास.

ठरल्याप्रमाणं मी फुटपाथवर होतो. हातात आपल्या चौघांच्या पिशव्या, काखेत छत्री. रस्त्याच्या कडेनं तुम्ही चालायचं आणि वरून समांतर मी, जसा काही माझा तुमचा काही संबंध नाही. तू कधी पुढं गेलास ते मला कळलंच नाही. तुला कुणी पुढं केलं नव्हतं. पण ज्या माणसानं आयुष्यात मिरवणुकीत पहिल्या ओळीशिवाय पाय टाकला नाही, तो मागं कसा राहील? छाती काढून, डावा-उजवा मोजत तू चाललेला. तुझ्यामागच्या कलकत्त्याच्या पोरांना तू मधूनच मान वळवून हातानं खुणावत होतास, पाय मिळवा म्हणून. ते बिचारे गोंधळून पाय बदलत होते. आणि सगळ्यात मागं विलास सवयीनं म्हणत होता, "पुढं सरका, पुढं सरका." तेही मराठीत. मला हसू येत होतं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी येत होतं.

आणि मग तो मोठा चौक आला.

लग्नाच्या बँडाचा नियम मला तूच सांगितला होतास. चौक आला की वरात थांबते. चौकात वाजवल्याशिवाय, कुणी चार पावलं नाचल्याशिवाय नवरदेव पुढं सरकत नाही. तसं न्यायचं म्हणजे चोरून नेल्यासारखं दिसतं. म्हणून बँडमास्तर हात वर करतो आणि सगळे थांबतात. तुझा हात वर गेला, शहाजी. हातात ट्रम्पेट नव्हता, मागं ढोल नव्हता, घोडा नव्हता, नवरदेव नव्हता. तरी तुझा उजवा हात खांद्याच्या वर गेला आणि तू चौकाच्या बरोबर मधोमध थांबलास. तू थांबलास म्हणून मागचे थांबले. ट्रामची घंटा वाजायला लागली, टॅक्सीवाले ओरडायला लागले, चष्म्याचा मुलगा मागून पळत आला. "दादा, रुके क्यों?" तू त्याच्याकडं असं बघितलंस, जसं काही त्यालाच कळायला हवं होतं. म्हणालास, "चौक है ना."

मागून विलास ओरडला, "का थांबली रं?" जशी काही बसच बंद पडली होती.

तुला चूक लगेच कळली असणार, कारण तुझे कान लाल झाले. पण हात खाली घेतलास तरी पाय हलेना. एवढ्या ट्रामा, एवढी माणसं, आणि सगळे बघतायत. मला वाटतं, तोपर्यंत तूही नुसता चालतच होतास. चालत असताना काही वाटत नाही, लोकांच्या नजरा मागं पडत जातात. थांबल्यावर त्या अंगावर येऊन बसतात.

आणि तू थांबलास तसा मलाही थांबावं लागलं. चालत होतो तोपर्यंत मी एक वाटसरू होतो. आता मी उभ्या असलेल्या बघ्यांतला एक झालो. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, धोतर, हातात भाजीची पिशवी, सभ्य, माझ्याच वयाचे. त्यांनी मला विचारलं, "ये लोग कौन हैं?"

जवळपास वीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारतोय, उत्तर आलं नाही तर बाकावर उभं करतोय. माझं हिंदी बरं आहे. 'मालूम नहीं' म्हणता आलं असतं. पत्रकात लिहिलेलं शुद्ध भाषेत सांगता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "हमारे लोग हैं." ते गृहस्थ माझ्याकडं बघायला लागले. आणि एवढं बोलून झाल्यावर मला तिथं उभं राहता येईना. आपले लोक खाली आणि आपण वर पिशव्या घेऊन, हे काही बरं दिसत नव्हतं.

मी उतरलो. चार पिशव्या आणि छत्रीसकट चौक ओलांडून तुझ्याकडं आलो. तू मला येताना बघितलंस आणि एक पाऊल डावीकडं सरकलास, जागा केलीस. माझ्या हातातल्या दोन पिशव्या घेतल्यास. मग हळूच म्हणालास, "पाय मिळवा, मास्तर. लेफ्ट." माझा अर्थातच उजवा पडला. तू पहिल्यांदाच चूक काढली नाहीस. तूच पाय बदललास आणि आपण चाललो. त्या दिवसानंतर मला कुणी काहीही म्हटलं, कोर्टात उभं केलं, नोकरीवरून काढलं, तरी मी एकदा भर चौकातून तुझ्याबरोबर चाललोय, हे कुणाला काढून घेता येणार नाही. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. मी काय सांगितलं, तर छत्री तुझ्या खांद्याला लागली असेल तर माफ कर म्हणून.

भांडण परतीच्या गाडीत झालं. विलास आणि नंदू वरच्या फळीवर झोपले होते, बाहेर दुपार रणरणत होती. तू म्हणालास, "मी अक्काला सांगनार."

अक्का म्हणजे तुझी थोरली बहीण. आईबाप गेल्यावर तिनं तुला वाढवलं, तू पलटणीत होतास तेव्हा शेत राखलं, आणि विधवा होऊन माहेरी आल्यावर घर तिच्याच नावावर चाललंय. मी म्हणालो, "तुला वेड लागलंय. साठीला आलेली, खेड्यातली बाई. तिला काय कळणार आहे? उलट तिचं जेवण तुटेल."

"मग कलकत्त्यात कशाला चाललो आपुन?" तू म्हणालास. "तितं आपल्याला कुत्रं वळखत न्हाई. तितं चालाय काय जातंय? जितं वळखत्यात तितं बोललं पायजे. आज अक्का, उंद्या सांगली."

"सांगली? सांगलीत चाललास तर दगड पडतील. आणि माझं नाव निघालं तर मला शाळेच्या फाटकात उभं करणार नाहीत."

"तुजं नाव न्हाई घेत."

"अक्कांना काय सांगशील मग? एकटाच आहेस म्हणून?"

मी मास्तर, मला शेवटचा शब्द लागतो. म्हणालो, "मी असेपर्यंत तू कुणाला सांगणार नाहीस." तू खिडकीतून बाहेर बघत "बरं" म्हणालास. पुन्हा तो विषय आपण काढला नाही. तू येत राहिलास, जिन्यात हाक मारत राहिलास. मी समजलो, मी जिंकलो. अजूनही मला वाटतं, माझी भीती खोटी नव्हती आणि तुझं म्हणणंही खोटं नव्हतं. भांडण मिटवायला दोघं लागतात आणि तू तर उठून गेलास.

सोमवारी तासगावच्या वरातीत तू नवरदेवाला दारापर्यंत पोचवलंस, टेम्पोच्या फळीवर बसलास आणि पाणी मागितलंस, एवढंच मला तुझ्या क्लॅरिनेटवाल्यानं सांगितलं. पहाटे येऊन सांगितलं, कारण "तुमी त्यांचं दोस्त." मी पहिली एसटी धरली. कडेगावला उतरून तुझ्या वाडीपर्यंत उसातून चालत आलो. आठ-नऊ वर्षांत मी तुझं घर पहिल्यांदा बघितलं, आणि ते असं.

अंगणात तुला ठेवलं होतं. तांब्यात पाणी, तुळशीचं पान. एकेक जण पुढं येऊन तुझ्या ओठांवर पाणी सोडत होता. भाऊबंद झाले, पुतणे झाले, दूरदूरच्या पाहुण्यांना नावानं हाका मारून बोलावलं. मी गोठ्याच्या भिंतीशी, बँडच्या पोरांच्या मागं. मग भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं विचारलं, "आनी कोन ऱ्हायलंय का? जवळचं कोन?" अक्का तुझ्या उशाशी होत्या, त्यांनी मान वर केली नाही. म्हाताऱ्यानं तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीत ओतलं आणि तुला उचललं. शहाजी, तुझ्या ओठांवर माझ्या हातचं पाणी नाही. मला हे कुणाला सांगताही येत नाही, कारण सांगायचं तर आधी तू कोण ते सांगावं लागेल.

गुरुवारी संध्याकाळी शाळेतून आलो आणि स्टोव्ह पेटवला. मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत, सोयरेधायरे भाकरी बांधून घेऊन येतात. साताऱ्याकडंही हेच, तुझ्याकडंही हेच. पण माझ्या घरात कुठं मयत झालं होतं? कोण येणार होतं? मुकाट्यानं तांदूळ धुतले. जिन्यात पावलं वाजली तेव्हा मला वाटलं, खालच्या वहिनी असतील. मार्गशीर्षातला गुरुवार, दर वर्षी पूजा झाली की त्या प्रसादाचं ताट घेऊन वर येतात.

दारात अक्का उभ्या होत्या. एकट्या. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"गुरुजी, आत येते," म्हणाल्या आणि आल्याच. इकडंतिकडं बघितलं नाही, थेट स्टोव्हपाशी गेल्या आणि किल्ली फिरवून तो विझवला. "तिसरा दिस न्हाई सरला, आन पेटवलासा व्हय?"

त्यांनी फडकं सोडलं. "सकाळी सावडून झालं. पावण्यांनी भाकरी-पिठलं आनलं हुतं. घरच्या समद्यास्नी वाटलं. तुमचा वाटा ऱ्हायला हुता."

मी काय बोललो ऐक. इतकी वर्षं मास्तरकी केलेला माणूस, तोंडावर नियमच येतात. म्हणालो, "अक्का, तुम्हाला सुतक आहे. सुतकात कुणाच्या घरी जायचं नसतं ना?"

"दुसऱ्याच्या घरी जायाचं नसतं," अक्का म्हणाल्या. "येवडं कळतंय मला." आणि भिंतीला टेकून बसल्या.

तू सांगितलं होतंस. कलकत्त्याहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मला 'बरं' म्हणालास आणि घरी जाऊन सांगून टाकलंस. अक्का सांगत होत्या, "मला म्हनला, लगीन का न्हाई करत इचारत हुतीस न्हवं, तर माझं घर हाय सांगलीत. नाव घेतलं तुमचं. म्हनला, पर त्येंला सांगू नगंस मी सांगितलं म्हनून, लय भित्यात." तेवढ्यात त्या थोड्या हसल्या, शहाजी, मला भित्रा म्हटलंस ते सांगताना. मग म्हणाल्या, "मी खोटं न्हाई बोलत. दिवाळीपतूर त्येच्याशी बोलले न्हाई. ताट वाढून सरकवायची. भाऊबिजेला त्यो पाटावर येऊन बसला. म्हटलं, दुसरं कोन हाय मला? ओवाळलं. म्हटलं, घिऊन ये एकदा गुरुजींस्नी जेवाय. म्हनला, आनतो." फडक्याची घडी घालत म्हणाल्या, "परवा बँडच्या पोरांमागं तुमी दिसलासा, तवाच वळखलं. पानी पाजताना तुमास्नी हाक मारायची हुती. तोंडापतूर आली. भावकी समदी हुबी, जीभ रेटली न्हाई. म्हनून बँडच्या पोरांस्नी पत्ता इचारून आले."

तेवढ्यात खरोखरच वहिनी आल्या. हातात ताट, दुधाचा प्रसाद, फळं, हळदीकुंकू. दारात अनोळखी चपला बघून थबकल्या. अक्का उठून पदर सावरत कोपऱ्यात सरकल्या, शिवाशिव नको म्हणून. वहिनींनी नेहमीसारखा प्रसाद माझ्यापुढं धरला आणि नेहमीसारखा माझा हात पुढं गेला.

मी तो मागं घेतला. "वहिनी, मला चालणार नाही. सुतक आहे."

"अगबाई! साताऱ्याला कुणी...?"

"साताऱ्याला नाही. शहाजी गेले."

"अहो काय सांगता! ते मिलिट्रीवाले?" त्यांना खरंच वाईट वाटलं, डोळे भरले. आणि मग त्यांचा चेहरा गोंधळला. "पण त्यांचं तुम्हाला सुतक कसं? ते तर तुमचे..."

कलकत्ता नव्हतं ते. गावभाग होता, सांगली होती. खाली मालक पेपर वाचत बसले होते आणि सकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळणार होतं.

"घरातले होते, वहिनी," मी म्हणालो. "माझ्या घरातले. या त्यांच्या बहीण. आमच्याकडं सुतक आहे."

वहिनींनी अक्कांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, विझलेल्या स्टोव्हकडं बघितलं. ताट पदराखाली घेऊन जिना उतरून गेल्या. उद्या खोली रिकामी करायला सांगतील, की शाळेत निरोप पोचेल, मला माहीत नाही. खालचं दार लागल्याचा आवाज आला.

अक्कांनी भाकरी मोडली, वर पिठलं घातलं आणि माझ्यापुढं सरकवली. म्हणाल्या, "जेवा आता. मला वाडीला जायाला विट्याची शेवटची गाडी हाय." मी पहिला घास घेतला आणि तो तोंडात असतानाच रडायला लागलो. मंगळवारपासून जे कुठंच बसत नव्हतं ते सगळं आलं, मोठ्यानं, खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. अक्का गप्प व्हा म्हणाल्या नाहीत. पाठीवर हातही ठेवला नाही, नुसत्या शेजारी सरकून बसल्या आणि मग त्याही रडायला लागल्या. बाहेर अंधारून आलं. विट्याची गाडी सुटायची वेळ झाली, होऊन गेली, आणि शहाजी, अक्का उठल्या नाहीत.